मॉरिशस: कागद कोणाकडे आहे?

आठ दिवस मॉरिशस फिरून आलेल्या एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. पहिला: देश स्वच्छ, पैसा खेळता, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी, शाळेत मराठी, 1968 ला स्वातंत्र्यही मिळाले. मग वसाहतवादाचा वारसा म्हणतात तो फ्रेंच गावांची नावे आणि उसाची शेते यापलीकडे काही उरला आहे का? दुसरा: कास्कावेल गावातल्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाला रत्नागिरीकडचे आपले मूळ गाव शोधायचे आहे, ते कसे शोधावे?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तेच माझे काम आहे. मॉरिशसच्या मराठी घरांची कोकणातली आणि घाटावरची मुळे शोधून देणे मी बरीच वर्षे करतो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा या कामातच जास्त सापडले.

त्या कुटुंबाला आधी एक आकडा शोधायला सांगा. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक करारी मजुराला सरकारने नंबर दिला होता. गावाचे नाव घरात विसरले गेले असेल, आडनावाचे फ्रेंच वळणाने काहीतरी भलतेच झाले असेल, पण जुन्या जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्यावर तो नंबर बहुधा लिहिलेला असतो. दाखला तिथल्या सिव्हिल स्टेटस कार्यालयातून मिळतो. नंबर हातात आला की मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जायचे. स्थलांतरितांच्या वह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा, जहाजाचे नाव, कोणत्या मळ्यावर पाठवले, सगळे एका ओळीत. 1860 च्या दशकापासून पुढे अनेकांचे फोटोही आहेत. नातवाच्या नातवाला आपल्या आजोबांच्या आजोबांचा चेहरा पाहायला मिळतो. आपल्यापैकी किती जणांच्या घरात 1870 सालच्या शेतमजूर पूर्वजाचा फोटो आहे?

पुढचे काम आपल्याकडचे. कारकुनाने इंग्रजीत ऐकून लिहिलेले गावाचे नाव ओळखायचे, त्या नावाची तालुक्यात तीन गावे असतील तर ग्रामदैवत आणि आडनावांवरून एकेक गाळायचे, गुरवाला विचारायचे, भावकीतल्या म्हाताऱ्यांना गाठायचे. इथे एक सूचना. पहिल्या भेटीत ‘मॉरिशसहून तुमचे भाऊबंद आलेत’ असे एकदम सांगू नका. कोकणात त्याचा पहिला अर्थ ‘सातबाऱ्यावर नाव लावायला आलेत’ असा घेतला जातो. चहा होऊ द्या, देवळात नारळ फुटू द्या, मग विषय काढा. मूळ गाव सापडण्याची हमी मात्र देऊ नका. मुंबईहून गेलेल्यांची संख्या कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने फारच थोडी, आणि कारकुनांनी कित्येकांच्या पुढे नुसते ‘मराठा’ किंवा ‘बॉम्बे’ लिहून हात झटकले आहेत.

शोध लागला तर त्याला व्यवहारातही किंमत आहे. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या ओसीआय कार्डासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो. मार्च 2024 मध्ये मॉरिशस भेटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ही सोय जाहीर केली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पोर्ट लुईच्या धक्क्यावर कोणा गोऱ्या अंमलदाराने केलेली नोंद आज एखाद्या मुलाला भारतात राहण्याचा हक्क मिळवून देते.

आता त्याच देशातली दुसरी बाजू बघा. एखादा क्रेओल माणूस, आफ्रिका किंवा मादागास्करहून गुलाम करून आणलेल्यांचा वंशज, मला विचारतो, ‘माझेही शोधून द्याल का?’ तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे फार थोडे असते. गुलामांच्या नोंदवह्याही आहेत. 1815 पासून इंग्रजांनी त्या ठेवायला लावल्या. पण त्यात मालकाने ठेवलेले एकच नाव असते: कधी वाराचे, कधी महिन्याचे, कधी एखाद्या रोमन देवाचे. गावाच्या जागी ‘मोझांबिक’ किंवा ‘मालगाश’, म्हणजे मादागास्करचा. मोझांबिक म्हणजे ज्या किनाऱ्यावरून जहाजात चढवले तो मुलूख. त्याचे घर आत किती कोसांवर होते ते कोणी विचारलेच नाही. मालमत्तेची यादी करताना बापाचे नाव लिहायची गरज पडत नाही.

करारी मजुराची नोंद कनवाळूपणाने झाली असे कोणी समजू नये. तो पळाला तर धरता यावा म्हणून त्याचे वर्णन आणि पुढे फोटो. करार संपलेल्या माणसालाही खिशात तिकीट बाळगावे लागे. 1867 च्या कायद्यानंतर ते नसेल तर पोलीस भटक्या म्हणून कोठडीत टाकत. कामावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. अडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्याने 1871 मध्ये नऊ हजारांवर जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कुठे रॉयल कमिशन आले. त्या जाचासाठी तयार केलेला कागद आज वंशजांच्या उपयोगी पडतो आहे. गुलामांच्या वंशजांना तेवढाही आधार नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर इथे आहे: वसाहतीने कोणाला कोणता कागद दिला आणि कोणाला दिलाच नाही, यावर त्या बेटावरचे पुष्कळसे आजही ठरते. मॉरिशसची सुबत्ता खोटी नाही, पण ती ज्या पायावर उभी आहे तो समतल नाही.

थोडा इतिहास लागेल. हे बेट निर्मनुष्य होते. हिंदुस्थानात इंग्रज आले तेव्हा इथे माणसे, राज्ये, जमिनीचे वहिवाटदार होते. मॉरिशसमध्ये वसाहतीच्या आधी समाजच नव्हता. 1598 ला डच आले, एबनीची झाडे तोडली, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला. 1710 ला ते बेट सोडून गेले. 1715 ला फ्रेंचांनी ताबा घेतला. 1735 ला आलेल्या लाबुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई उभे केले. उभे केले म्हणजे गुलामांकडून उभे करवले, त्यात हिंदुस्थानातून आणलेले गुलामही होते. फ्रेंचांनी आपल्या लोकांना जमिनी वाटून दिल्या. 1810 च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती राखण्याचे वचन दिले. रहिवासी म्हणजे अर्थात मळेवाले. झेंडा बदलला, जमीन, भाषा आणि दिवाणी कायदा फ्रेंचच राहिले. आजही मॉरिशसमध्ये वारसा आणि जमिनीचे खटले नेपोलियनच्या संहितेतून आलेल्या कायद्यावर चालतात, कामकाज इंग्रजी धाटणीचे असते, आणि शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. आपण ते दार 1949 मध्येच बंद केले.

गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835 रोजी संपली. नुकसानभरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नाही. ब्रिटिश संसदेने साऱ्या वसाहतींसाठी काढलेल्या दोन कोटी पौंडांपैकी वीस लाखांहून अधिक एकट्या मॉरिशसच्या मालकांकडे गेले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश खजिन्याने 2015 मध्ये फेडला, त्यामुळे हे सगळे फार जुने झाले असे मला म्हणवत नाही. गुलामांना मिळाली ती चार वर्षांची ‘उमेदवारी’, म्हणजे त्याच मालकाकडे सक्तीचे काम. 1839 ला ती सुटली तेव्हा बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली आणि किनाऱ्यावर, डोंगराच्या कडेला, मिळेल तिथे झोपड्या घातल्या. तोवर मळेवाल्यांना दुसरे हात मिळाले होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलास’ जहाजातून 36 हिंदुस्थानी मजूर उतरले होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत जवळपास साडेचार लाख उतरले. हे मजूर जिथे उतरत त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्या पायऱ्यांवरून चढलेल्यांपैकी काहींच्या कमरेला रत्नागिरी-सावंतवाडीची गाठोडी होती.

भरपाईचा पैसा आणि हिंदुस्थानी मजूर एकाच सुमारास हाती आल्यावर साखरेने बेट गिळले. 19व्या शतकाच्या शेवटाकडे साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कडेकडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पै-पै साठवलेल्या जुन्या मजुरांनी त्या घेतल्या. 1920 च्या सुमारास उसाखालच्या जमिनीपैकी जवळपास तिसरा हिस्सा हिंदुस्थानी वंशाच्या लोकांकडे होता. शेतात काळ्या दगडांचे मनोरे दिसतात ना, फोटो काढण्याजोगे? ते कोणी तरी एकेक दगड वेचून रचले आहेत. या तुकड्यांतून शिक्षण आले, शिक्षणातून सरकारी नोकरी, मताधिकार वाढल्यावर त्यातून सत्ता. आपल्या लोकांच्या कष्टाची ही गोष्ट खरी आहे आणि ती अभिमानाने सांगावी. फक्त ती सांगताना ‘बाकीचे आळशी राहिले’ असा जो शेपटा पोर्ट लुईत आणि पुण्यात दोन्हीकडे जोडला जातो, त्याला मला आक्षेप आहे.

कारण बाकीच्यांच्या जमिनीचे काय झाले ते नोंदले गेले आहे. मॉरिशसने गुलामगिरी आणि करारी मजुरी या दोन्हींच्या परिणामांची चौकशी करायला सत्य आणि न्याय आयोग नेमला. अध्यक्ष होते दक्षिण आफ्रिकेच्या सत्यशोधन आयोगात उपाध्यक्ष राहिलेले ॲलेक्स बोरेन. अहवाल नोव्हेंबर 2011 मध्ये आला. आयोगापुढे शेकडो कुटुंबे जमीन गेल्याच्या तक्रारी घेऊन आली, आणि जमिनी जाण्याची एक ठरलेली वाट दिसली. फ्रेंच कायद्यात तीस वर्षांचा अखंड ताबा दाखवला की मालकी मिळते. जमीन एखाद्या क्रेओल कुटुंबाची, पण वाटणीपत्र नाही, वाचता येत नाही, नोटरीची फी परवडत नाही. शेजारचा मोठा मालक दोन साक्षीदार उभे करतो, प्रतिज्ञापत्र नोंदवतो, मोजणी होते, जमीन जाते. कायदा मोडलेला नसतो. आपल्याकडे कुळकायद्याच्या काळात कोणाचे नाव सातबाऱ्यावर राहिले आणि कोणाचे उडाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

किनाऱ्याचेही तसेच. भरतीच्या रेषेपासून आत सुमारे 81 मीटरची पट्टी मुळात राजाची. फ्रेंच अमलात तोफा डागायला मोकळी जागा हवी म्हणून राखलेली ही पट्टी, 1807 चा हुकूम अजून कामात येतो. आज ती सरकारची आहे आणि हॉटेलांना, श्रीमंतांच्या बंगल्यांना भाडेपट्ट्याने दिली जाते. लोकांसाठी राखलेले समुद्रकिनारे त्यातला लहानसा भाग. तुम्ही ज्या हॉटेलात राहिलात तेही बहुधा याच पट्टीवर असेल.

साखरेचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगतो. 1975 पासून युरोप ठरावीक कोटा चढ्या भावाने घेत होता. ती व्यवस्था 2009 मध्ये संपली आणि त्याआधीच दर 36 टक्क्यांनी उतरवले गेले. एके काळी शेकड्यांनी असलेले कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण ऊस गेला म्हणून जमीन हातातून गेली नाही. 2002 पासून परदेशी लोकांना आलिशान बंगले विकण्याची योजना निघाली, आणि उसाच्या जागी गोल्फ मैदाने आणि ‘स्मार्ट सिटी’ उगवल्या. विकणाऱ्यांत जुनीच साखर घराणी अग्रभागी. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात मेदीन मळ्याभोवती मराठी वस्ती जुनी आहे. तुमचे कास्कावेल तिथेच. बापजाद्यांनी ज्या मळ्यावर ऊस तोडला त्याच जमिनीवरच्या मॉलमध्ये नातवंडे नोकरी करतात. हे दुःखद आहे असे मी म्हणत नाही, एसीतली नोकरी केव्हाही बरी. मालक बदलला नाही, एवढेच सांगतो.

आता राज्यघटनेकडे. याची पर्यटकाला कल्पनाही येत नाही. संसदेत 62 जण निवडून येतात आणि वर आठपर्यंत जागा हरलेल्या उमेदवारांतून भरल्या जातात. याला ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. हेतू असा की कोणताही समाज प्रतिनिधित्वावाचून राहू नये. त्यासाठी घटनेने समाज मोजले चार: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि ज्याच्या राहणीवरून तो या तिघांपैकी कोणातलाच वाटत नाही असा प्रत्येक जण ‘जनरल पॉप्युलेशन’. चौथा रकाना नीट पाहा. त्यात मळ्याचा गोरा मालक आहे, आणि त्याच मळ्यावरच्या गुलामाचा पणतूही आहे. मालक आणि गुलाम एका खान्यात! म्हणजे क्रेओल समाजाची वेगळी मोजदादच नाही. त्यांचे शिक्षण, घरे, नोकऱ्या यांचे प्रमाण काढायला बसलात तर आकडाच हाती लागत नाही. गंमत पुढेच आहे. 1982 मध्ये जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला गेला, त्यामुळे आजही या जागा 1972 च्या लोकसंख्येवर ठरतात. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने यावर ताशेरे ओढले, 2014 च्या निवडणुकीपुरती उमेदवारांना समाज न सांगण्याची मुभा मिळाली, मूळ पद्धत तशीच आहे. मराठी माणूस घटनेत हिंदू रकान्यात मोडतो, पण मंत्रिमंडळ बनताना हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी अशी वेगळी गणिते मांडली जातात. इंग्रजांनी माणसे मोजायला शिकवले आणि आपण ती विद्या फार चांगली आत्मसात केली, हे भारतातल्या वाचकाला मी काय सांगावे.

शाळेतल्या मराठीचा तुम्हाला आनंद झाला, मलाही होतो. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी, अरबी अशा ‘पूर्वजांच्या भाषा’ मुलांना घेता येतात. पण क्रेओल मुलाची पूर्वजांची भाषा कोणती? मालकाने ती पहिल्या पिढीतच तोडून टाकली होती. त्याच्या घरात बोलली जाते ती क्रेओल, आणि नुसत्या त्याच्याच नव्हे: 2011 च्या जनगणनेत सुमारे 84 टक्के लोकांनी घरी क्रेओल बोलतो असे सांगितले, त्यात आपले मराठीही आले. ही जवळजवळ सर्वांची भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून 2012 मध्ये आली, स्वातंत्र्यानंतर 44 वर्षांनी. 1993 मध्ये एका क्रेओल पाद्र्याने समाजाच्या या अस्वस्थतेला जाहीर वाचा फोडली होती. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा लोकप्रिय क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश काही दिवस पेटला. ‘शांत, सलोख्याचे बेट’ या जाहिरातीत ते दिवस येत नाहीत.

शेवटचा कागद छागोसचा. स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, 8 नोव्हेंबर 1965 रोजी, ब्रिटनने एका हुकुमाने छागोस बेटे मॉरिशसपासून तोडून नवी वसाहत बनवली. मॉरिशसला बदल्यात तीस लाख पौंड. डिएगो गार्सिया अमेरिकेच्या लष्करी तळाला हवे होते. नारळाच्या बागांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मुख्यतः गुलामांच्या वंशातल्या दीड-दोन हजार लोकांना 1973 पर्यंत उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडून दिले. ते कायमचे रहिवासी नसून कंत्राटी कामगार आहेत, असे कागदोपत्री दाखवण्यात आले. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत ते सर्वांत खालच्या पायरीवर राहिले, आणि तिथे त्यांना हिणवणारे मॉरिशियनच होते.

25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात हा तुकडा पाडणे बेकायदा ठरवले. 22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचे, डिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, भाडे वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. मॉरिशसचा दावा मला न्याय्य वाटतो. पण ज्यांना उचलून नेले त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार हीच आहे की वाटाघाटीत आम्हाला कोणी विचारले नाही, आणि ती खरी आहे. करारानुसार मॉरिशस इतर बेटांवर पुनर्वसन करू शकते, पण डिएगो गार्सियावर नाही. जन्मगावी जायचे असलेल्या म्हातारीला लंडनहून नाही म्हटले काय आणि पोर्ट लुईहून म्हटले काय.

आणि हे फक्त गोऱ्यांचे पाप म्हणून आपण बाजूला बसू शकत नाही. मॉरिशसच्या उत्तरेला हजारभर किलोमीटरवर आगालेगा नावाची त्याच देशाची दोन लहान बेटे आहेत, वस्ती तीनएकशे, तीही बहुतांशी गुलामांच्या वंशातली. 29 फेब्रुवारी 2024 रोजी भारताने बांधलेल्या तिथल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी केले. दोन्ही सरकारे हा लष्करी तळ नाही असे सांगतात. तिथल्या रहिवाशांना धावपट्टी हवी होती, आजारी माणसाला हलवायला बोटीशिवाय साधन नव्हते. पण ‘आमचेही छागोस होईल का’ ही भीती त्यांच्यापैकी काहींनी उघड बोलून दाखवली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही आपण राहतो त्या जमिनीचे मालकीपत्र त्यांच्याकडे नाही, बेटे सरकारी मालकीची आहेत. पुढच्या वेळी गेलात तर आप्रवासी घाट पाहून झाल्यावर, पळालेले गुलाम जिथे लपत त्या ल मॉर्नच्या डोंगराकडेही जा. आणि त्या कुटुंबाला सांगा, आधी आजी-आजोबांचे लग्नाचे दाखले काढा, नंबर मिळाला की मला कळवा.